म्हातारं कुत्रं, म्हातारी मांजर: ‘वय झालं’ म्हणण्याआधी काय पाहायचं

आमचा कुत्रा भुऱ्या अकराव्या वर्षात होता तेव्हाची गोष्ट. पावसाळा सरत आला होता, कपाशीला बोंडं धरली होती, आणि रोज सकाळी माझ्या पुढे पळत वावरात जाणारा हा गडी ओसरीतून उठेनासा झाला. भाकर टाकली की नुसती हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. घरात सगळ्यांचं एकच, “आता काय रायलं त्याच्यात, म्हातारं झालं ते.” मीही तेच धरून चालले. चार दिवसांनी दातात काही अडकलं का पाहावं म्हणून त्याचा ओठ वर केला आणि हिरडी दिसली. एरवी गुलाबी असणारी हिरडी चुना मारलेल्या भिंतीसारखी पांढरी पडली होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचीडताप निघाला. अठ्ठावीस दिवस गोळ्या दिल्या. दिवाळीनंतर तो पुन्हा धुऱ्यावर बसून तुरीवरची माकडं हाकलत होता, आणि पुढे अडीच वर्षं जगला.

ते चार दिवस मला अजून लागतात. म्हणून हे लिहिते आहे. म्हातारपण हा रोग नाही. गावाकडे ज्याला आपण ‘वय झालं’ म्हणतो त्यातलं बरंचसं औषधानं बरं होतं, किंवा निदान आटोक्यात राहतं. ज्यांच्या घरचं कुत्रं-मांजर पहिल्यांदाच म्हातारपणाकडे झुकतं आहे, त्यांनी पुढचं एकेक करून सुरू करावं.

आधी वय धरा

गावठी, मध्यम चणीचं कुत्रं आठ-नऊ वर्षांनंतर म्हातारपणात शिरतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्डसारखी मोठ्या अंगाची कुत्री सहा-सात वर्षांतच. मांजर दहा-अकरानंतर. नक्की साल आठवत नसेल तर घरातल्या गोष्टींशी ताडून पाहा: बोअर मारली त्या वर्षी आणलं, की पोरीच्या लग्नाच्या वर्षी? अंदाज चालतो. तो एका वहीत लिहा. ही वही पुढे फार कामाची आहे.

दर रविवारी दहा मिनिटं हात फिरवा

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे लोणी-हळदीनं चोळतो. त्या वेळी खांद्यावरची सूज, गाठ, जखम आपोआप हाताला लागते. कुत्र्या-मांजरासाठी हेच दर आठवड्याला करायचं. जेवण झाल्यावर, जनावर निवांत असताना, ओसरीत उजेडाला बसा.

सुरुवात तोंडापासून. ओठ हलकेच वर करा. हिरडी गुलाबी हवी. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरा ठसा उमटतो, तो दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. पांढरी हिरडी म्हणजे रक्त कमी, पिवळी म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास. कुत्र्याची हिरडी जन्मतःच काळी असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. दाताच्या मुळाशी पिवळा-तपकिरी थर आणि घाण वास असेल तर दात दुखत असतात, आणि जनावर भूक असूनही खात नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. कुत्रं अचानक लाळ गाळायला लागलं, जबडा लोंबला, आवाज बदलला, गिळता येईना, तर “हाड अडकलं” म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीजमध्येही असंच दिसतं. तोंड तपासायचं ते रेबीजची लस वेळेवर झालेल्या, रोजच्यासारख्या वागणाऱ्या जनावराचं. म्हातारं झालं म्हणून ही लस बंद करायची नसते, ती दरवर्षी लागते. ६ जुलै (जागतिक प्राणिजन्य रोग दिन) आणि २८ सप्टेंबर (जागतिक रेबीज दिन) या दिवसांच्या आसपास अनेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत लसीकरण शिबिरं होतात, तेव्हा चौकशी करा.

तोंडानंतर मान, काखा, पोट, मांड्यांचा आतला भाग. हरभऱ्याएवढी गाठ लागली तर घाबरू नका, पण वहीत जागा आणि आकार लिहा. महिन्याभरात ती बोराएवढी झाली तर डॉक्टरांना दाखवा. मादी असेल तर सगळ्या सडांच्या ओळी बोटांनी चाचपा. कुत्रीला साधारण दहा सड असतात, मांजरीला आठ. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्रीत सडांच्या गाठी नेहमी आढळतात आणि त्यातल्या जवळपास निम्म्या कर्करोगाच्या असतात. मांजरीत तर बहुतेक कर्करोगाच्याच निघतात. लहान असताना काढलेली गाठ आणि फुटून चिघळल्यावर दाखवलेली गाठ यांत जीव वाचण्या-न वाचण्याचा फरक आहे.

नराच्या लिंगातून किंवा मादीच्या मायांगातून थेंब थेंब रक्त गळत असेल, आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस दिसत असेल, तर तो कुत्र्यांच्या समागमातून पसरणारा गाठीचा रोग असू शकतो. गावोगावच्या मोकाट कुत्र्यांत तो दिसतो. लोक लाजेनं किंवा किळसेनं दाखवत नाहीत. आठवड्याला एक असं इंजेक्शन काही आठवडे दिलं की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात.

शेवटी पाय. म्हातारं जनावर कमी फिरतं, त्यामुळे नखं झिजत नाहीत. अंगठ्याचं नख वळून थेट मांसात घुसलेलं मी पाहिलं आहे. मांजरात तर हे हमखास होतं.

वजन महिन्यातून एकदा. आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करा. मांजर पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर बसतं. चार किलोची मांजर चारशे ग्रॅमनं उतरली तर डोळ्यांना कळत नाही, पण तो तिच्या वजनाचा दहावा हिस्सा आहे. डॉक्टरकडे जायला तेवढं कारण पुरेसं आहे.

झोपलेलं असताना छाती किती वेळा वर-खाली होते तेही मोजा. मिनिटाला तीसच्या आत हवं. गार जागी, शांत झोपेतही रोज तीसच्या वर जात असेल तर हृदय किंवा फुप्फुसं तपासावी लागतील.

पाणी मोजा

हे फारसं कुणी करत नाही. आमची मांजर चिंगी तेराव्या वर्षी मोरीजवळच्या घंगाळाशी सारखी दिसायला लागली. दिवसातून आठ-दहा वेळा, मान घालून लपलप पाणी प्यायची. “उन्हाळा आहे,” असं म्हणत गेलो. खरं तर तिची किडनी थकत होती.

म्हाताऱ्या मांजरीत किडनीचा आजार फार आढळतो. किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणून लघवी जास्त होते, आणि ती भरून काढायला जनावर जास्त पाणी पितं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा मळ) वाढेपर्यंत किडनीचं काम बरंचसं, तीन-चतुर्थांशापर्यंत, गेलेलं असू शकतं. म्हणून रक्ताच्या तपासणीच्या आधी आपल्याला पाण्याचं भांडं सांगतं.

सकाळी मोजून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. आपल्याकडे मे महिन्यात पाणी नुसतं उडूनच जातं, तेव्हा शेजारी तसंच दुसरं भांडं जाळीखाली ठेवा आणि त्यात जितकं घटलं तितकं वजा करा. मांजर दिवसाला वजनाच्या किलोमागे पन्नास मिलीपेक्षा आणि कुत्रं शंभर मिलीपेक्षा जास्त पीत असेल तर ते जास्त आहे. म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला दीड लिटर ही हद्द धरा. कडक उन्हात धापा टाकून कुत्री जास्त पितात, तेव्हा घरातल्या तरण्या कुत्र्याशी तुलना करून पाहा.

जास्त पाणी पिण्यामागे किडनीशिवाय मधुमेह असू शकतो, यकृत असू शकतं. नसबंदी न झालेल्या कुत्रीत आणखी एक असतं: माजावर येऊन महिना-दोन महिन्यांनी गर्भपिशवीत पू होणं. ती पाणी पीत राहते, खात नाही, मलूल होते, कधी मागून पू येतो, कधी काहीच येत नाही आणि पोट तेवढं फुगतं. ही वाट पाहायची गोष्ट नाही, त्याच दिवशी दवाखाना. बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं. “एवढ्या वयात भूल झेपेल का?” हा प्रश्न सगळे विचारतात. वय हे एकटं कारण ऑपरेशन टाळायला पुरत नाही. रक्त तपासून डॉक्टर ते ठरवतात.

मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, रात्रभर ओरडत असेल तर थायरॉईड तपासून घ्या.

गोचिडाला घरातूनच हाकला

भुऱ्याच्या आजाराचं मूळ त्याच्या अंगावर नव्हतं, ओसरीच्या भिंतीत होतं. कुत्र्याची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते आणि भिंतीच्या भेगेत, लाकडी दाराच्या चौकटीत, गोठ्याच्या कोपऱ्यात हजारो अंडी घालते. तुम्ही अंगावरच्या वेचता, भिंतीतून नव्या चढतात. मातीच्या भिंती, शेजारी गोठा आणि उबदार दमट पावसाळा, यापेक्षा तिला आणखी काय हवं?

भेगा शेणामातीनं किंवा सिमेंटनं बुजवा. कुत्र्याचं पोतं आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका किंवा बदला. अंगासाठी डॉक्टरांनी वजन पाहून दिलेला मानेवरचा थेंब किंवा गोळी वापरा, आणि कुत्र्याची गोळी मांजराला कधीच देऊ नका. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. उघड्या बोटांनी फोडू नका.

गुरांच्या गोचिडांसाठी आणलेलं औषध घरात असतंच, आणि सगळ्यांना वाटतं तेच चार थेंब याला लावावं. असं करू नका. डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ, परमेथ्रिन ही औषधं विषबाधेनं मांजराचा जीव घेऊ शकतात. मांजर स्वतःचं अंग चाटतं, लावलेलं सगळं पोटात जातं.

गोचीडतापाची लक्षणं: ताप, भूक जाणं, पांढरी हिरडी, नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, कधी लघवी गडद. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप असं नाही. गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहा. १०३ च्या वर ताप समजा.

पावसाळ्यात जखमेत किडे पडतात तेव्हा पेट्रोल, रॉकेल, फिनाईल किंवा फवारणीचं औषध ओतू नका. केस कापा, मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, चिमट्यानं अळ्या काढा आणि डॉक्टरांकडून स्प्रे घ्या. लोक पेट्रोल-रॉकेल रागानं ओतत नाहीत, काळजीनंच ओततात. पण त्यात मांस जळतं, आणि म्हाताऱ्या जनावराची जखम आधीच हळू भरते.

खाणं

कुत्र्याला ज्वारीची भाकर आणि तुरीचं पातळ वरण चालतं, पण एवढ्यावर म्हाताऱ्याचं अंग भरत नाही. रोज एक उकडलेलं अंडं किंवा मूठभर बिनहाडाचं उकडलेलं चिकन घाला. दात पडले असतील तर भाकर कुस्करून वरणात भिजवा. शिजवलेली हाडं नकोत, ती चिरफळून आतड्यात रुततात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट नको. पाहुणे आले की उरलेला सावजी रस्सा कुत्र्याच्या ताटलीत जातो, तोही बंद करा. त्यात तिखट, तेल, मीठ, कांदा-लसूण सगळंच आहे.

मांजराची गोष्ट वेगळी. ते मुळात मांसावर जगणारं जनावर आहे. दूध-भातावर ठेवलं तर मांसातला टॉरिन हा घटक मिळत नाही, आणि त्याच्या कमतरतेनं डोळे आणि हृदय जातं. मासोळी, चिकन, अंडं किंवा मांजराचं तयार खाणं द्या. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते.

किडनीचं निदान झालं असेल तर मात्र आहार डॉक्टरांना विचारूनच बदला. निरोगी म्हाताऱ्याचं मांस-अंडं मनानं कमी करू नका, अंग झडतं.

नवतपा आणि पौषातली थंडी

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागांत पारा ४५ च्या पुढे जातो. म्हाताऱ्या कुत्र्याला टिनाच्या शेडमध्ये बांधू नका. कडुनिंबाखाली किंवा कवेलूच्या घरात, ओल्या जमिनीवर, माठातल्या पाण्याजवळ ठेवा. फिरवायचं ते सूर्य निघायच्या आधी. जोरजोरात धाप, गडद लाल हिरडी, झोकांड्या, उलटी हे दिसलं तर ऊन लागलं आहे. सावलीत घ्या, अंगभर साधं पाणी ओतत राहा, कूलर किंवा पंख्याची हवा द्या. ओलं पोतं अंगावर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता अडकते. थोडं सावरलं तरी दवाखान्यात न्याच, आत किती नुकसान झालं ते बाहेरून दिसत नाही.

थंडीत सांधे आखडतात. पोत्यात तणस किंवा कुटार भरून जाड गादी करा. कुत्रं सकाळी उठताना मागचे पाय ओढत असेल, मांजर कोठीवर उडी मारेनासं झालं असेल, तर ते आळशी झालेलं नाही, त्याला दुखतं आहे. मांजरासाठी मध्ये एक पाटी किंवा डबा ठेवून पायरी करा. फरशीवर पाय घसरत असेल तर जुनी सतरंजी टाका.

आपल्या गोळ्या त्यांना देऊ नका

सांधे दुखतात म्हटल्यावर पहिली आठवण घरातल्या गोळीचीच येते. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती पचवण्याची ताकद तिच्या यकृतात नाही. रक्त तपकिरी होतं, तोंड सुजतं, श्वास कोंडतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि किडनी बसते. मला एका मेडिकलवाल्यानं भुऱ्यासाठी माणसांची दुखण्याची गोळी काढून दिली होती, “अर्धी द्या, काही होत नाही” म्हणून. ती मी दिली नाही, हे त्याचं नशीब. सांधेदुखीवर कुत्र्याला चालणारी औषधं आहेत, पण ती वजनावर आणि किडनी पाहून देतात.

कपाशीवर फवारणी चालू असते तेव्हा जनावर घरी बांधा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते कुणी विसरलेलं नाही. पंप धुतलेल्या पाण्याचं डबकं चाटलं तरी जनावर जातं. लाळ, थरथर, बारीक झालेली बाहुली, पातळ संडास दिसली की हातमोजे घालून अंग साबणानं धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि निघा. मीठ पाजून उलटी करवू नका. विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजर मरतं, हेही ध्यानात असू द्या.

दवाखान्यात जाताना

गावाजवळचा ढोरांचा दवाखाना ही पहिली जागा. तिथले डॉक्टर दिवसभर गाई-म्हशी पाहत असले तरी कुत्र्या-मांजराचं शिक्षण त्यांनाही असतं. लस, जंताचं औषध, सलाईन, जखम ही कामं तिथं होतात. आधी फोन करा, कारण डॉक्टर गावागावांत फिरतीवर असतात. फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. कुत्र्या-मांजरासाठी पथक येईल का ते फोनवरच विचारा. रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी लागली तर जिल्ह्याचं पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय, नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था.

सोबत वही न्या. लंगडणं, खोकला, झटका यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात जनावर घाबरून ताठ चालतं. सकाळची लघवी आणि थोडी शी स्वच्छ डब्यांत. मांजर झाकणाच्या टोपलीत न्या. खताच्या किंवा बियाण्याच्या रिकाम्या पोत्यात कधीच नाही, त्याला औषधाचा अंश असतो. कुत्र्याचं तोंड मऊ कापडाच्या पट्टीनं बांधता येतं, पण धाप लागलेली असेल किंवा उलट्या होत असतील तर बांधू नका.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा आणि लिहून घ्या: काय झालं असावं, इंजेक्शन कोणतं दिलं, पुन्हा कधी यायचं. इंजेक्शनचं नाव एवढ्यासाठी की स्टेरॉईड आणि दुखण्याचं औषध एकत्र पडलं तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर त्याला पहिल्याचं माहीत हवं. विचारायला संकोच करू नका, चांगल्या डॉक्टरांना आवडतं.

काही गोष्टींसाठी सकाळची वाट पाहायची नसते. बोका लघवीला बसून जोर करतो आणि थेंब येत नाही, मांजरानं दोन दिवस काही खाल्लं नाही, पोट अचानक फुगलं आणि कोरड्या उलट्या येताहेत, झटका थांबत नाही, हिरडी पांढरी किंवा पिवळी आहे. पावसाळ्यात पिवळी हिरडी आणि ताप असेल तर ते उंदराच्या लघवीतून येणारं लेप्टोही असू शकतं, माणसालाही होतं. लघवी साफ करताना हातमोजे घाला.

शेवटचे दिवस

वहीत आणखी एक खूण करायला लागा: आज चांगला दिवस की वाईट. खाल्लं का, स्वतः उठलं का, हाक मारल्यावर शेपूट हलली का. वाईट खुणा चांगल्यांपेक्षा जास्त होऊ लागल्या आणि औषधानं फरक पडेना, तर डॉक्टरांशी शांतपणे झोपवण्याबद्दल बोला. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शेवटचं. ते ओसरीतच, आपल्या हातावर डोकं ठेवून होऊ शकतं का, तेही विचारा. वावरात नेऊन सोडून येणं किंवा दूरच्या गावाला टाकून येणं हे मात्र कधीही करू नका. आयुष्यभर ज्यानं घर राखलं त्याला शेवटी रस्ता शोधत फिरावं लागतं.

पुरायचं तर विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, कमरेइतका खोल खड्डा करून, वर दगड रचून, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरत नाहीत. भुऱ्या बांधावरच्या बोरीखाली आहे. त्याचं पोतं आम्ही त्याच संध्याकाळी जाळलं, ओसरीचा कोपरा खरवडून भेगा पुन्हा शेणामातीनं लिंपल्या, आणि पंधरा दिवस तिथं दुसऱ्या कुत्र्याला बसू दिलं नाही. गोचिडाचं एक अंडं जरी राहिलं असतं तरी त्यातून निघालेली गोचीड घरातल्या पिल्लाच्या अंगावर चढली असती.